काच कुठून पुसायची?

बँकेत बावीस वर्षे दुसऱ्यांचे आकडे जुळवत बसलेल्या माणसाने घाटात गाडी चालवू नये, असे आमच्या हिचे मत आहे. मत तसे जुनेच. पण गेल्या जुलैपासून मी त्यावर उलट बोलत नाही.

त्याचे असे झाले. मेहुणीच्या डोहाळजेवणासाठी आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला निघालो होतो. सेकंडहँड गाडीत मी, ही, सासूबाई, नववीतले चिरंजीव आणि तीन ओल्या छत्र्या. मुळशी मागे पडली आणि पाऊस कोसळू लागला. काचा घट्ट बंद केल्या. बाहेरचा गारठा नको म्हणून हवा आतल्या आत फिरवणारा खटकाही ओढला. एसी अर्थातच बंद. एसीने पेट्रोल जास्त जळते, हे बी.कॉम. झालेल्या माणसाला सांगावे लागत नाही! त्यात सासूबाईंनी थर्मास उघडून चहा ओतला.

बघता बघता समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. मी वायपर जोरात सोडले. ते बिचारे ऊर फुटेस्तोवर हात हलवत होते, पण दिसेना काहीच. मग नॅपकिनने आतून काच पुसली. भाकरीएवढी जागा मोकळी झाली. पुढच्या वळणाला तिची पुरी झाली आणि त्यापुढच्या वळणाला बत्तासा.

"अहो, थांबवा ना जरा बाजूला," ही म्हणाली.

"घाटात असं कुठंही थांबायचं नसतं," मी बत्ताशातून बघत म्हणालो.

आणि एकदम ती ओरडली, "अहो, मूल!"

मी ब्रेकवर उभाच राहिलो. रस्त्याकडेच्या धबधब्याशी मंडळी भिजत होती. पिवळा रेनकोट घातलेली चार-पाच वर्षांची पोर आमच्या बंपरपासून वीतभर अंतरावर उभी होती. तिच्या बापाने धावत येऊन तिला उचलले आणि माझ्याकडे नुसते पाहिले. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढे रुंद जागा बघून गाडी उभी केली. माझे हात थरथरत होते. कोणीच बोलेना. शेवटी चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, वाफ आतल्या बाजूला आहे. वायपर बाहेरून पुसतोय."

मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. हवेला बाष्प बाळगण्याची एक मर्यादा असते. गरम हवेची मर्यादा मोठी, गार हवेची लहान. गाडीत चार जणांचे श्वास, ओल्या छत्र्या आणि सासूबाईंचा चहा अशी जमा सतत चालू होती. खर्च शून्य, कारण दारे-खिडक्या बंद. पावसाने गार पडलेल्या काचेला ही हवा टेकली की तिची मर्यादा एकदम घटते, आणि वरची सगळी बाकी थेंबाथेंबाने काचेवर वसूल होते. इतका साधा जमाखर्च आणि मी तो वायपरने जुळवू पाहत होतो!

चिरंजिवांनी आतल्या आत हवा फिरवणारा खटका सोडला, एसी लावला, पण हवा उबदार ठेवून तिचा झोत काचेवर वळवला. एसी हवेतले पाणी काढून घेतो. गाडीखाली ठिबकते ते हेच. मागची खिडकी बोटभर उघडली. दोन-तीन मिनिटांत काच लख्ख! ज्या एसीचे पेट्रोल मी वाचवत होतो, त्याची किंमत मघाशी वीतभर अंतरावर उभी होती.

तेव्हापासून पावसाळ्यात निघताना ओल्या छत्र्या डिकीत जातात. काच आतून स्वच्छ पुसतो, कारण मळकट, तेलकट काचेवर वाफ लवकर धरते. आणि दिसेनासे झाले की पहिल्यांदा गाडी बाजूला घेतो.

माणगावहून परतताना मात्र गंमत झाली. दमट हवा, म्हणून शहाणपणाने एसी अगदी गार केला. काच पुन्हा धुरकट! मी नॅपकिन काढून आतून घासू लागलो.

"बाबा," मागून आवाज आला, "काच गार झालीय. आता बाहेरून आहे. वायपर लावा!"