गाळलेले वर्ष

शिक्षणावरील खर्च १९८५-८६पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांवर न्यावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. १९६८च्या धोरणाने आकडा घेतला, वर्ष गाळले. त्याजागी ‘शक्य तितक्या लवकर’ आले. २०२०च्या धोरणातही तेच. आकडा अद्याप गाठलेला नाही. पण मुदतच नसेल, तर वचन मोडले कधी म्हणायचे?

आमच्या मराठी विभागात निवृत्तांच्या जागा रिक्त आहेत. तासिका तत्त्वावरील सहकारी दर जूनमध्ये नव्याने मुलाखत देतात. मुलाखत घेणारे आम्हीच. कायम नेमणुकीचे काय, असे त्यांनी विचारले की आम्हीही ‘लवकरच’ म्हणतो. शासनाचा शब्द आमच्या तोंडी रुळला आहे. जाब विचारायचा, तर आधी तो टाकायला हवा आणि तारीख मागायला हवी.