एकादशी कालच झाली

विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून अल्झायमरच्या मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत असतं. हे वाचलं त्या रात्री मी आत्याची मागची वर्षं आठवत बसले. तिचं दुखणं अल्झायमरचंच असेल, तर ज्या वर्षांत ती अख्ख्या गल्लीला संकष्टी कधी ते सांगत होती, कुणाच्या आजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला हे त्या घरापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं, त्याच वर्षांत आत काहीतरी निमूट साठत होतं. कुणालाच सुगावा नव्हता. तिलाही नाही.

आम्हाला दिसलं ते स्वयंपाकघरात. एकादशी करून आत्या झोपली आणि द्वादशीला सकाळी, पारण्याचा स्वयंपाक व्हायचा त्या वेळी, पुन्हा शेंगदाणे भाजायला उभी राहिली. साबुदाणा रात्रीच भिजवून ठेवलेला. आई म्हणाली, "वन्सं, एकादशी कालच झाली ना?" आत्याचा उलथणं धरलेला हात क्षणभर थांबला. "हो गं," म्हणाली, आणि दाणे हलवत राहिली, जळू नयेत म्हणून. त्या 'हो गं'मध्ये आठवण नव्हती, नुसती सांभाळून घेण्याची धडपड होती. पुढे बरेच दिवस सगळं ठाकठीक. या आजाराची सुरुवात अशीच असते. एक दिवस वाईट, चार दिवस बरे, आणि त्या चार दिवसांत घरातली माणसं एकमेकांची समजूत घालतात की वय झालं, एवढंच.

डॉक्टरांनी तारीख विचारली तेव्हा तिला सांगता आली नाही. तिथी मात्र तिनं अचूक सांगितली. डॉक्टरांनी फोनवर पाहून खात्री केली आणि ती ग्राह्य धरली. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता रक्त बोलायला लागलं आहे. टाऊ हे चेतापेशींतलं प्रथिन. त्याच्या साखळीत २१७व्या जागी फॉस्फेट चिकटलं की ते पी-टाऊ २१७, आणि मेंदूत अमायलॉइड साचत असेल तर रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. जीएफएपी हे प्रथिन वाढलं तर चेतापेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशी खवळल्या आहेत, न्यूरोफिलामेंट वाढलं तर चेतातंतूंना इजा होते आहे. पूर्वी अमायलॉइडचा माग काढायला पाठीतलं पाणी काढावं लागे, नाहीतर महागडं पेट स्कॅन. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रक्तावरच्या अशा पहिल्या तपासणीला मान्यता दिली, तीही लक्षणं दिसू लागलेल्या, ५५ वर्षांच्या पुढच्या माणसांपुरती.

मला याचं अतोनात अप्रूप आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आलोइस आल्झायमर ऑगस्टं डेटर या रुग्ण स्त्रीसमोर बसले, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिच्या मेंदूत काय चाललंय हे बघायला त्यांना १९०६ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत थांबावं लागलं. हातात होतं ते एवढंच: ती काय म्हणते, काय विसरते, ते लिहून ठेवणं. ते त्यांनी मन लावून केलं.

आणि ते काम रक्तानं अजून आपल्या हातून काढून घेतलेलं नाही. मूत्रपिंडं अधू असली तरी पी-टाऊचा आकडा चढतो. न्यूरोफिलामेंट तर पक्षाघातानंतर, डोक्याला मार लागल्यावर, नुसत्या वयानंही वाढतं. आकडा आजाराचं नाव सुचवतो. गॅस बंद करायचं कधी विसरायला होईल, नातवाचं नाव कधी निसटेल, ते सांगत नाही. ते शेजारी राहणाऱ्या माणसालाच दिसतं. म्हणून सुनेनं, लेकीनं रोजच्या वहीत टिपलेल्या दोन ओळींना मी तपासणीच्या अहवालाइतकंच मोल देते. शिवाय आपल्याकडे रक्ताकडून आधी साधी गोष्ट विचारून घ्यावी: बी-१२ कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का. त्यानं आलेलं विस्मरण औषधानं सुधारू शकतं.

आत्याचं दोन्ही ठीक निघालं. मग मी तिला पुढच्या तपासणीविषयी सांगितलं. तिनं विचारलं, "त्यावर औषध आहे का?"

मी खरं ते सांगितलं. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. ते सुरुवातीच्या टप्प्यातच देतात, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे एमआरआय करून पाहत राहावं लागतं. उतार थोडा मंदावतो. गेलेलं परत येत नाही.

"मग रक्ताचं नंतर बघू," आत्या म्हणाली. "आधी वही घे."

पाटल्या धाकट्या पुतणीला. विहिरीकडचं वावर विकायचं नाही. बँकेत वारस म्हणून अजून काकांचंच नाव होतं, आणि ते जाऊनही वर्षं लोटलेली, ते बदलायचं. दवाखान्यात नळ्या घालून ठेवायचं नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं ते मी लिहिलं की नाही हे बघायला. सोमवारी आम्ही दोघी बँकेत गेलो, आणि वारसाचा फॉर्म तिनं स्वतःच्या हातानं भरला.