गेट पडल्यावर

बीएमएक्स शर्यतीतल्या सायकलपटूची कारकीर्द गेटवर घडते किंवा तिथेच बिघडते. ऑलिंपिक दर्जाच्या ट्रॅकवर आठ मीटर उंच टेकाडाच्या माथ्यावर आठ जण रांगेत उभे राहतात. पुढचे चाक गेटला टेकलेले, दोन्ही पाय पेडलवर, पाय जमिनीला लागू न देता तोल सांभाळलेला. ध्वनिमुद्रित सूचना संपल्यावर गेट नेमके कधी पडेल हे मुद्दाम अनिश्चित ठेवतात. ते पडले की जेमतेम चारशे मीटरची शर्यत चाळीसेक सेकंदांत आटोपते. पहिल्या वळणावर जो पुढे, त्याला गाठणे फार कठीण, कारण मागचे तिथे एकमेकांत अडकतात. त्यामुळे सरावातला मोठा वेळ पहिल्या चार-पाच पेडलांवरच खर्च होतो.

सायकल साधी असते: वीस इंची चाके, एकच गिअर, फक्त मागचा ब्रेक. सीट असते, पण शर्यतीत तिच्यावर कोणी बसत नाही. प्रेक्षक उड्यांना टाळ्या देतात. मात्र हवेत पेडल मारून वेग वाढत नाही. मुरलेला खेळाडू शक्यतो जमिनीला धरून राहतो आणि उंचवट्याच्या उतारावर हातापायांनी सायकल दाबून वेग काढतो.

1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मुलांनी मोटोक्रॉसची नक्कल करत सुरू केलेला हा खेळ 2008 मध्ये बीजिंगला ऑलिंपिकमध्ये आला. लाटवियाचा मारिस स्ट्रोंबर्ग्स तिथे जिंकला, 2012 मध्ये पुन्हा जिंकला. पैशाची बाजू मात्र कच्चीच राहिली. ब्रिटनच्या महिला खेळाडूंचा निधी बंद झाला तेव्हा बेथनी श्रायव्हरने शाळेत मदतनीस म्हणून काम केले, लोकवर्गणी काढली आणि टोकियोत सुवर्ण मिळवले. अपघात तर ठरलेलेच. ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराच्या भावाची कारकीर्द 2020 मध्ये डोक्याच्या दुखापतीने संपली. ती स्वतः टोकियोत उपांत्य फेरीत पडली आणि 2024 मध्ये पॅरिसला सुवर्णपदकाची मानकरी ठरली.

हा खेळ आमच्या गोंदिया जिल्ह्यातही रुजू शकतो. सायकल इथे नवी नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. भाताच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून सायकल काढणाऱ्या पोराला तोल शिकवावा लागत नाही. उणीव आहे ती उताराची आणि गेटची.

पाय कमी पडत नाहीत, याचा पुरावा शेजारी आहे. 1999 पर्यंत गोंदिया ज्याचा भाग होता त्या भंडारा जिल्ह्यातल्या सुशिकला आगाशे आणि मयुरी लुटे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्रियाशा पॉलसोबत ट्रॅक सायकलिंगमध्ये भारताच्या टीम स्प्रिंट संघात होत्या. तो खेळ वेलोड्रोमचा, गुळगुळीत आणि बंदिस्त. पण तिथेही पहिली सायकल गेटमधूनच सुटते आणि उभ्या जागेवरून वेग घ्यावा लागतो. दोन्ही खेळांचे नाते जुने आहे. ट्रॅक सायकलिंगमध्ये सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा स्कॉटलंडचा ख्रिस होय लहानपणी, चौदाव्या वर्षापर्यंत, बीएमएक्सच खेळत होता. लहान वयात बीएमएक्स आणि पुढे ट्रॅक सायकलिंग हा क्रम म्हणूनच शहाणपणाचा. इथल्या मुलांपुढे मात्र थेट वेलोड्रोम येतो, आणि तोही पुण्याला बालेवाडीत किंवा दिल्लीत, घरापासून शेकडो कोस दूर.

बीएमएक्सचा संपूर्ण ट्रॅक बांधणे खर्चाचे काम आहे. धुवाधार पावसाच्या या प्रदेशात निचरा नीट नसेल तर मातीचे उंचवटे एका हंगामात वाहून जातील, आणि वळणांना डांबर लागेलच. पण एक टेकाड, पुढे सपाट धावपट्टी आणि साधे पडते गेट एवढ्याला फार जागा लागत नाही. तालुका क्रीडा संकुलांनी तेवढ्यापासून सुरुवात करावी.