छताला पाडलेली भोकं

आयझॅक असिमॉव्हच्या 'नाइटफॉल' या कथेत एक प्रसंग आहे. कथा अनेकांच्या लक्षात असते, पण हा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. लागाश नावाच्या ग्रहाला सहा सूर्य आहेत. एक मावळला तरी दुसरा वर असतोच, त्यामुळे तिथल्या माणसांनी रात्र अशी पाहिलेलीच नाही. दर २०४९ वर्षांनी आकाशात एकटाच सूर्य उरतो, त्यालाही ग्रहण लागतं आणि अंधार पडतो. असा अंधार पडला, की त्या वेळची सगळी संस्कृती जळून खाक होते. तिथल्या धर्मग्रंथात लिहून ठेवलंय, की त्या वेळी 'तारे' दिसतात आणि माणसांना वेड लागतं. तारे म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नाही. वेधशाळेतल्या दोन तरुणांना वाटतं, की ग्रहण लागायच्या आत हा अनुभव घेऊन पाहावा. ते शहरात एक बसकं घर विकत घेतात, आतून सगळं काळ्या मखमलीनं मढवतात, छताला बारीक बारीक भोकं पाडतात, त्यांना झाकणं बसवतात आणि एक बटण दाबलं की सगळी झाकणं एकदम उघडतील अशी व्यवस्था करतात. मग जीव मुठीत धरून अंधारात बसतात आणि बटण दाबतात.

काहीच होत नाही. छताला भोकं पाडल्यावर छत जसं दिसेल, तसंच ते दिसतं.

काळाकुट्ट हॉल, मखमली पडदे, एका भोकातून सोडलेला उजेड आणि खुर्चीत वेड लागायची वाट पाहत बसलेली माणसं. १९४१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, असिमॉव्हनं आपल्याच कथेवर १९८८ साली निघालेल्या सिनेमाचं परीक्षण आगाऊ लिहून ठेवलं होतं म्हणायचं!

तो सिनेमा मी पाहिलाय. वाळवंट, अंगात झगे घातलेले लोक, एक आंधळा धर्मगुरू, प्रेमाच्या भानगडी. पॉल मेयर्सबर्ग हा दिग्दर्शक काही गावठी गडी नव्हे. डेव्हिड बोवीच्या 'द मॅन हू फेल टू अर्थ'ची पटकथा त्याचीच. पण इथे ग्रहण येईपर्यंत करायचं काय, हा प्रश्न त्याला पडलेला स्पष्ट दिसतो. असिमॉव्हला तो पडला नव्हता. त्याच्या कथेत ग्रहण येईपर्यंत माणसं बोलतात, बस. एक पत्रकार, एक मानसशास्त्रज्ञ, काही खगोलशास्त्रज्ञ एका खोलीत बसून वाद घालतात. त्यातला एक जण भीत भीत सुचवतो, की विश्वात आणखीही सूर्य असतील, पण ते इतके लांब असतील, की आपल्याला दिसत नाहीत. किती असतील? डझनभर. फार तर दोन डझन. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथे. आपण गच्चीवर गोधडी टाकून आकाशाकडे बघत झोपलेली माणसं. वर किती असतात ते आपल्याला माहीत आहे आणि त्या बिचाऱ्याला नाही. शेवटी दिवस मावळतो तेव्हा तीस हजार सूर्य एकदम समोर येतात. आयुष्यभर पाहिलेले तारे आपण त्या पानावर पहिल्यांदा पाहतो, आणि तेही घाबरून. हे काम त्या बडबडीनं केलेलं असतं. पडद्यावर तारे दाखवले, की ते नुसतेच तारे असतात.

ग्रहणावरून आठवलं. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटकापासून ओडिशापर्यंत खग्रास ग्रहण दिसलं. मुंबईत ते खंडग्रास होतं, तरी भरदुपारी रस्ते ओस पडले होते. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि दूरदर्शननं त्यांची करमणूक व्हावी म्हणून सिनेमा लावला. खरा अंधार दाराशी आलेला असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पडद्यावरचा उजेड पाहत बसलेलं शहर! लागाशच्या लोकांनी आपल्याला लगेच भाऊबंद मानलं असतं.

असो. पण कथेच्या सिनेमानं केलेल्या निराशेची खरी हद्द पाहायची असेल, तर रे ब्रॅडबरीकडे जावं लागतं. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर त्याच्या कथांची पिवळी पडलेली पुस्तकं मिळायची. 'अ साउंड ऑफ थंडर' मी तशाच एका पुस्तकात वाचली. ती १९५२ सालची. २०५५ मधली एक कंपनी पैसेवाल्यांना भूतकाळात नेऊन डायनोसॉरची शिकार घडवते. एकेल्स नावाचं गिऱ्हाईक दहा हजार डॉलर मोजतं. अट एकच, जमिनीपासून सहा इंच वर तरंगणाऱ्या धातूच्या वाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही. शिकारही कुठलीही नाही. दोनच मिनिटांनी झाड अंगावर पडून जो प्राणी मरणारच आहे, त्यालाच गोळी घालायची. तो ओळखू यावा म्हणून त्याच्यावर आधीच लाल रंगाची खूण करून ठेवलेली. समोर टिरानोसॉरस उभा राहिल्यावर एकेल्सची गाळण उडते आणि तो वाट सोडून चिखलातून पळतो. मग मार्गदर्शक त्याला शिक्षा देतो, मेलेल्या धुडात हात घालून सगळ्या गोळ्या परत काढून आण. भूतकाळात एक गोळीही मागे राहता कामा नये. कोपरापर्यंत रक्तानं माखलेले हात घेऊन तो परततो. हा परिच्छेद वाचून माझे हात चिकट झाल्यासारखे वाटले होते.

ते सगळे वर्तमानात येतात. खोली तीच, टेबलामागचा माणूस तोच. हवेला मात्र किंचित कसलातरी वास येतोय. रंग ओळखीचेच, पण पुरते तेच नव्हेत. मग भिंतीवरची पाटी दिसते. तिच्यावरची स्पेलिंगं विचित्र झालेली. कालच्या निवडणुकीत जो हुकूमशहा हरला होता, तो जिंकलेला. आणि एकेल्सच्या बुटाच्या तळाशी, चिखलात, एक मेलेलं फुलपाखरू.

ब्रॅडबरी याच्यापलीकडे काहीही दाखवत नाही. खिडकीबाहेर काय झालंय ते सांगतच नाही. एक खोली, एक पाटी, एक वास, एवढ्यावर अख्खं जग बिघडलेलं आपल्याला कळतं.

२००५ साली पीटर हायम्सनं यावर सिनेमा काढला. त्यात खिडकीबाहेरच सगळं आहे. 'काळाच्या लाटा' शिकागोवरून सुनामीसारख्या सरकतात, दर लाटेनिशी उत्क्रांती नव्यानं घडते, रस्त्यावर वेली चढतात, अर्धं माकड आणि अर्धा सरडा असले प्राणी अंधारातून अंगावर येतात आणि शेवटी नायकाबरोबरची शास्त्रज्ञ बाईसुद्धा माणूस राहत नाही. बेन किंग्जलीसारखा नट डोक्यावर पांढरा टोप घालून सेल्समनगिरी करतो. चित्रीकरण प्रागमध्ये झालं, तिथे २००२ साली महापूर आला, पुढे निर्मितीसंस्थाच दिवाळखोरीत गेली, हे खरं. संगणकावरचे डायनोसॉर रबराचे वाटतात त्याचं एक कारण हे असणार. सुमारे ८ कोटी डॉलर खर्च झाले, सव्वा कोटीही परत आले नाहीत. पण पैसे असते तरी काय झालं असतं? डायनोसॉर चांगले दिसले असते. पाटी आणि वास तेव्हाही गेलेच असते.

कथा पंधरा पानांची आणि तिकीट दोन तासांचं, ही यातली व्यावहारिक अडचण. चौघांपुरत्या आमटीवर बारा पाहुणे आले, की पाणी ओतावं लागतं. इथे पाणी म्हणजे पाठलाग. फिलिप के. डिकच्या 'द गोल्डन मॅन' या १९५४ च्या कथेतला सोनेरी अंगाचा तरुण भविष्य पाहू शकतो, पण त्याला बुद्धीच नाही. पुढे टिकणार आहे तो जनावरासारखा हा देखणा प्राणी, विचार करणारे आपण नव्हे, ही त्यातली धास्ती. २००७ च्या 'नेक्स्ट'मध्ये तो लास वेगासचा जादूगार झाला, निकोलस केज झाला आणि अणुबॉम्ब शोधू लागला. 'आय, रोबोट'चं तर विचारूच नका. यंत्रमानव उठाव करतात या घिस्यापिट्या कल्पनेला कंटाळून असिमॉव्हनं ज्या कथा लिहिल्या, त्यांचं नाव लावून २००४ मध्ये यंत्रमानवांचा उठावच दाखवला. मूळ पटकथा वेगळ्याच नावाची होती. असिमॉव्हचं लेबल नंतर चिकटवलं.

मात्र कथेत भर घातली म्हणून सिनेमा पडतोच, असं नाही. टेड च्यांगच्या १९९८ च्या 'स्टोरी ऑफ युअर लाइफ'मध्ये चिनी सेनापती नाही, बॉम्ब नाही, महायुद्धाची टांगती तलवार नाही. तिच्यावरच्या डेनी व्हिलनव्हच्या 'अरायव्हल' या सिनेमात हे सगळं आहे, आणि खरं सांगायचं तर तो सेनापती मला आजही खटकतो. कथेतली मुलगी पंचविसाव्या वर्षी कडा चढताना पडून मरते, सिनेमात ती त्याहून लहान वयात आजारानं जाते. हेही चालवून घेता येतं. कारण मुलगी मरणार हे ठाऊक असूनही तिला जन्म देणारी आई, हा कथेचा प्राण व्हिलनव्हनं कुठेच सांडू दिला नाही. आणि मुलगी मरणार हे आईला कधीपासून ठाऊक आहे, ते आपल्याला उशिरा कळतं. क्लार्कच्या 'द सेंटिनेल' या कथेवरून कुब्रिकनं '२००१' हा सिनेमा उभारला तेव्हा त्यानं शेवटपर्यंत परग्रहवासी दाखवलेच नाहीत. त्यात चंद्रावर सापडणारी वस्तू तिथे कुणी ठेवली, हे आपण आजही एकमेकांना विचारतो.

सत्यजित राय यांना ही खुबी नक्की कळली असती. 'बंकुबाबूर बंधू' ही त्यांची स्वतःची कथा १९६२ सालची. तिच्यातून उगवलेल्या 'द एलियन'ची पटकथा त्यांनी १९६७ मध्ये हॉलिवूडसाठी लिहिली. कोलंबिया स्टुडिओ, पीटर सेलर्स, मार्लन ब्रँडो अशी सगळी नावं घेतली गेली, मधल्या माणसानं पटकथेवर स्वतःचा हक्क लावला आणि सगळं बारगळलं.

तेव्हा वाचकहो, क्रम चुकवू नका. 'नाइटफॉल' एका संध्याकाळी वाचून होते, 'अ साउंड ऑफ थंडर'ला तर अर्धा तासही लागत नाही. त्यांच्यावरचे सिनेमे पाहिले नाहीत तर काडीचंही बिघडत नाही. 'अरायव्हल' मात्र जरूर पाहा, आणि तोही च्यांगची कथा वाचून झाल्यावर.