पडदा आणि नगरी पारख

पिक्चर पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाचे मत दोन-तीन शब्दांत मावते. भारी होता, पैसे वसूल, डोक्याला ताप. अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला बोलण्यात अजून नगरच म्हणतात, याच्या जोडीला आणखी एक शेरा ऐकू येतो: ‘असं नसतं आपल्याकडं.’ त्यामागे एक पक्की मोजपट्टी आहे. नायकाने एकट्याने वीस गुंड लोळवले तर या प्रेक्षकाची हरकत नसते. ती पडद्याची मौज आहे आणि ती तो मनसोक्त लुटतो. पण विळा धरणारा हात अडखळला, भाकरी थापणाऱ्या बाईच्या बांगड्या नको तितक्या नव्या दिसल्या, की त्याचे मन चित्रपटातून उठून जाते. स्वप्नाला तो सूट देतो, मातीला देत नाही.

ही नजर जुनी आहे. पश्चिम महाराष्ट्रात जत्रांच्या माळावर तंबू ठोकून पिक्चर दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीज फिरत. ट्रकमधल्या प्रोजेक्टरचा झोत, वर फडफडणारे कापड, खाली धुळीत मांडी घालून बसलेले गाव. दिवसा देवाचे दर्शन आणि रात्री पिक्चर, या दोन्हींत अंतर फार नव्हते. 1977 साली ‘शिर्डी के साईबाबा’ आला तेव्हा याच जिल्ह्यातले एक गाव देशभरच्या पडद्यांवर गेले. सुधीर दळवी यांनी उभे केलेले साईबाबा इतके मनात बसले की अनेकांच्या नजरेसमोर साईंचा चेहरा म्हणून त्यांचाच चेहरा येऊ लागला. मूर्ती रोज पाहणाऱ्यांच्या जिल्ह्यातही नटाचा चेहरा असा मुक्कामाला राहतो, हे सिनेमाचे सामर्थ्य.

मग दूरदर्शन घरात आले. 1988 मध्ये श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही 53 भागांची मालिका सुरू झाली. तिचा आधार असलेला ग्रंथ पंडित नेहरूंनी नगरच्या भुईकोट किल्ल्यात, 1942 ते 1945 च्या बंदिवासात लिहिला. बंद दरवाजाआड शब्दांत साकारलेला देश चार दशकांनी चित्र होऊन घराघरांत पोचला. त्याच मालिकेत महात्मा फुले साकारले सदाशिव अमरापूरकर यांनी, आणि ते नगरचेच.

अमरापूरकरांचा जन्म 1950 सालचा, मूळ नाव गणेशकुमार नरवडे. रंगभूमीवर ते घडले. गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’ने (1983) त्यांचा रामा शेट्टी देशाला दाखवला. या खलनायकाच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत, पण तो आवाज न चढवता दहशत बसवतो. गाव आणि बाजार पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटते, कारण खरी सत्ता क्वचितच ओरडते. ‘सडक’मधल्या (1991) महाराणीच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा खलनायकाचा पहिला पुरस्कार मिळाला. नगरच्या रसिकाने त्यांच्या दुष्टपणाचा पडद्यावर मनापासून तिरस्कार केला आणि पडद्याबाहेर सामाजिक कामात रमणाऱ्या या माणसाला तितकाच जीव लावला. नट आणि भूमिका यांतले अंतर ओळखणे ही रसिकतेची पहिली पायरी आहे.

दूरचित्रवाणीवरच्या अलीकडच्या मालिकांबाबत हा प्रेक्षक अधिक कडक असतो. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये कोल्हापूर आले, ‘लागिरं झालं जी’मध्ये सातारा आला आणि दोन्ही आवडीने पाहिल्या गेल्या. पण ग्रामीण म्हणून पडद्यावर बहुधा तिकडचीच बोली येत राहिली. नगर जिल्ह्याची तर एक बोलीही नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरातले आदिवासी बोलणे वेगळे, पारनेरच्या कोरडवाहू पठाराचे वेगळे, उसाच्या राहुरी-श्रीरामपूरचे वेगळे, आणि पाथर्डीत मराठवाड्याचा सूर मिसळलेला. पाथर्डीचा ऊसतोड मजूर परजिल्ह्यात कोपीबाहेर बसून मोबाईलवर मालिका पाहतो, तेव्हा त्याच्या घराचा सूर त्यात सहसा नसतो.

ही उणीव भरून काढली ती याच भागात शिकलेल्या आणि वाढलेल्या मुलांनी. नागराज मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, पण संज्ञापनाचे शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले. त्यांचा ‘फॅन्ड्री’ नगरजवळच्या अकोळनेर परिसरात घडतो. 2014 च्या फेब्रुवारीत तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा आणि जब्या हा नायक साकारणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा, असे राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि जब्याचे कुटुंबीय जागच्या जागी थिजतात. पुढे पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते निघतात, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई आहेत. इथे ‘असं नसतं’ म्हणायला जागा उरत नाही. असेच असते, हे कबूल करताना गळा दाटतो. जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो, आणि मत देणाऱ्यालाच उत्तर द्यावे लागते.

श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचे भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून ‘ख्वाडा’ उभा केला. मेंढरे घेऊन वाट तुडवणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट. 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाचा विशेष उल्लेख झाला आणि प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणालाही सन्मान मिळाला. तो सन्मान अर्थपूर्ण आहे. वाऱ्याचा, कळपाचा, उघड्या माळाचा आवाज स्टुडिओत बनवलेला नाही, हे या मुलखातला कान ऐकताक्षणी ओळखतो.

चहाच्या टपरीवर, एसटीच्या बाकावर सहज फेकलेली मते म्हणूनच हलकी मानू नयेत. परीक्षणे शहरांत छापली जातात; पण हाताची पकड, बोलीचा हेल आणि भुकेचा चेहरा खरा की खोटा, याचा निवाडा ते जगणे जगलेलेच करू शकतात. ज्या मुलखातला प्रेक्षक इतक्या नेटाने खरेपणा मागतो, तिथे तो देणारे कलावंतही घडतात. अमरापूरकर, मंजुळे आणि कऱ्हाडे यांचे काम त्याची साक्ष आहे.