आणखी एक लोणार

परक्या गांवीं एकट्यानें जाण्याचा एक लाभ असा कीं, बोलावयास सोबती नसल्यामुळें डोळ्यांना काम अधिक पडतें. त्यांतून तेथील भाषा येत नसेल, तर पाहणें आणि पाहिलेलें आपल्या घरच्या वस्तूंशीं ताडून बघणें, याखेरीज दुसरा उद्योगच उरत नाहीं. जर्मनींतील नॉर्डलिंगेन नगरांतला माझा पहिला दिवस असाच गेला. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त म्युनिक येथें असतात. त्यांस रजा नव्हती. म्हणून डोनाउवर्थला गाडी बदलून मी सकाळीं तेथें एकटाच उतरलों.

मोठमोठीं शहरें सोडून सुमारें वीस हजार वस्तीचें हें गांव कां निवडलें, असें वाचक विचारतील. मी बुलढाणा जिल्ह्यांतला. उल्कापातानें झालेलें लोणारचें सरोवर हें आमच्या जिल्ह्याचें भूषण. आणि नॉर्डलिंगेन तशाच एका विवरांत वसलेलें आहे. लोणारच्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, ‘रीस’ नांवाच्या या विवराचा सुमारें २४ किलोमीटर, आणि वय जवळजवळ दीड कोटि वर्षें. त्याच्या पोटांत शेतें, खेडीं आणि हें नगर सुखानें नांदत आहेत.

गांवाभोंवतीं जुना तट आहे. त्याला पांच वेशी असून, त्यावरून छपराच्या सावलींत सबंध फेरी घालतां येते. ती सुमारें पावणेतीन किलोमीटरांची प्रदक्षिणा मीं सावकाश पुरी केली. नंतर सेंट जॉर्जच्या ख्रिस्ती देवळाचा मनोरा चढलों. त्यास ‘डॅनियल’ म्हणतात. उंची सुमारें ९० मीटर, पायऱ्या साडेतीनशें. धाप लागली खरी, परंतु श्रमाचें चीज झालें. खालीं लाल कौलांचें वाटोळें गांव, त्यापलीकडे सपाट शेतें, आणि क्षितिजावर टेकड्यांचें कडें! तें कडें म्हणजेच विवराचा कांठ.

देवळाचा दगडहि त्याच आघाताचें अपत्य आहे. उल्केच्या तडाख्यानें फुटलेला व वितळलेला खडक पुन्हा घट्ट होऊन ‘सुएव्हाइट’ नांवाचा हा करडा दगड बनला. १४२७ ते १५०५ या काळांत ज्या गवंड्यांनीं हें देऊळ बांधलें, त्यांस याची वार्ताहि नव्हती. पुढें पंडितांनीं हें विवर ज्वालामुखीचें मानलें. १९६० सालीं शूमेकर व चाओ या शास्त्रज्ञांस येथील दगडांत प्रचंड दाबाखालीं बनणारें ‘कोएसाइट’ सांपडलें, तेव्हां कोठें उल्केचा पुरावा मिळाला. लोणारासहि पूर्वीं ज्वालामुखीचें मुख म्हणत. तेथील खडकांवरून उल्कापाताचा निर्वाळा मिळाला तो १९७३ मध्यें.

दुपारीं एका खाणावळींत शिरलों. वाढणाऱ्या बाईंना इंग्रजी येत होतें. मांस नको म्हणतांच त्यांनीं ‘स्पेट्झ्ले’ सुचविलें : भिजविलेल्या पिठाचे उकडलेले तुकडे, वर चीज आणि परतलेला कांदा. आपल्या वरणफळांचें भावंडच म्हणावें. परंतु पिठांत अंडें असतें, असें विचारतां कळलें. माझी अडचण ओळखून बाईंनीं सालीसकट उकडलेले बटाटे आणि ‘क्वार्क’ आणून दिलें. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच! सोबतीस ‘राय’ नांवाच्या धान्याचा काळसर, आंबूस पाव होता. मनांतल्या मनांत चित्राहुति घातल्या आणि तृप्त होऊन उठलों. परमुलखांतहि आपला नेम सांभाळतां येतो. विचारण्याची भीड मात्र सोडली पाहिजे.

१५०३ सालच्या एका कोठारांत १९९० पासून या विवराचें संग्रहालय आहे. अपोलो-१६ च्या वीरांनीं आणलेला चंद्रावरचा दगडहि तेथें पाहावयास मिळतो. अपोलो-१४ चे अंतराळवीर तर १९७० सालीं याच भागांत खडकांचा अभ्यास करून गेले. मी गेलों तेव्हां एक शिक्षक दहा-बारा वर्षांच्या मुलांना दगडांची माहिती सांगत होते. शब्द कळत नव्हते, पण मुलांचे चेहरे कळत होते. ज्याचा जन्म शाळेंत गेला, त्याचे पाय तेथून लवकर कसे निघावे?

मनांत आलें, या मुलांच्या विवरांतलें सरोवर केव्हांच आटून गेलें. आमचें अजून भरलेलें आहे. काळ्या पाषाणांत उल्केनें खोदलेलें असें विवर जगांत दुर्मिळ. आंत खारें पाणी, तर कांठाशीं गोड्या पाण्याची धार. गांवांत दैत्यसूदनाचें शिल्पसंपन्न मंदिर, आणि विष्णूनें लवणासुरास मारल्याची कथा. २०२० सालीं या सरोवराची गणना रामसर यादींत झाली. असें असूनहि आपल्यापैकीं पुष्कळ मंडळी कांठावरून घटकाभर डोकावतात, छायाचित्र घेतात आणि परततात. ज्या स्थळाची ओळखच झाली नाहीं, त्यांत सांडपाणी वा कचरा गेला तर हळहळ तरी कोणास वाटावी? बिघडलें तर असें सरोवर मनुष्यास पुन्हा घडवितां येणार नाहीं.

रात्रीं दहा वाजतां ‘डॅनियल’वरून पहारेकऱ्याची हाळी ऐकूं आली. जुनी रीत त्या लोकांनीं आजहि जपली आहे.

वाचकांपैकीं कोणी शेगांवीं दर्शनास आले, तर एक मुक्काम लोणारास अवश्य करावा. भाकरी-पिठलें बांधून घ्यावें, मुलांना बरोबर न्यावें, जाणत्या माणसाबरोबर जपून खालीं उतरावें, आणि पायांखालचा दगड कोणता, हें त्यांस विचारूं द्यावें.