बार्शीचा पुरावा आणि स्वारगेटच्या पाट्या

२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीवरचा एक शोधनिबंध छापून आला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचे हे एकत्रित काम. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले होते. एका गटाची एचपीव्ही चाचणी (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणारी), दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने चौथ्या गटात ६४ मृत्यू झाले, एचपीव्हीच्या गटात ३४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले; उरलेल्या दोन पद्धतींना मृत्यूंत ठोस घट दाखवता आली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आकडे मात्र जागेवर आहेत. निदान क्षेत्रातल्या कुठल्याही कंपनीला आपल्या मालाबद्दल याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण, आणि तो परदेशातून नव्हे, आपल्याच मराठवाड्यातून आला होता.

त्यानंतर काय झाले? २०१६ साली केंद्र सरकारने कर्करोग तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गर्भाशयमुखासाठी डोळ्यांनी पाहणीचीच पद्धत घेतली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी, कोणत्याही पद्धतीने, आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या अवघ्या १.९ टक्के. स्वारगेट हे पुण्याचे सोलापूरकडचे दार. बार्शी इथून दोनशेच्या आसपास किलोमीटर. स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने किंवा मुकुंदनगरकडे निघालात तर पॅथॉलॉजी लॅबच्या आणि कलेक्शन सेंटरच्या पाट्या कमी नाहीत. त्यांवर थायरॉइड असते, साखरेचे तीन महिन्यांचे सरासरी प्रमाण असते, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ असते, ‘फुल बॉडी चेकअप’ तर असतेच. एचपीव्ही शोधावे लागते. व्हिटॅमिन डीची चाचणी सरसकट केल्याने मृत्यू निम्मे झाल्याचा पुरावा कोणी दिलेला नाही, तरी तिला धंदा आहे. जिच्यामागे बार्शीचा पुरावा आहे तिला नाही. या क्षेत्रात पैसे घालू पाहणाऱ्याने आधी या विसंगतीचा उलगडा करावा. कंपनीची ‘अचूकता ९८ टक्के’ वगैरे माहिती त्यानंतर वाचावी.

थायरॉइडचा धंदा कसा चालतो ते पाहा. डॉ. ए. वेलुमणी यांनी १९९६ साली मुंबईत थायरोकेअर सुरू केली ती एका चाचणीवर लक्ष ठेवून आणि भाव पाडून. २०२१मध्ये फार्मईझीच्या मूळ कंपनीने तिचा ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांना घेतला. त्या किमतीमागे भाव पाडण्याचे धाडस होते, मोठ्या मध्यवर्ती प्रयोगशाळेची शिस्त होती, पण त्याहून खोल एक कारण होते. थायरॉइडची चाचणी कोणताही फॅमिली डॉक्टर लिहून देतो, पैसे रुग्ण खिशातून देतो, अहवाल बिघडला तर गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते आणि गोळी सुरू झाली की काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. लिहिणारा, पैसे देणारा, उपचार करणारा आणि परत येणारा, हे चौघेही आधीपासून जागेवर होते. कंपनीने फक्त चाचणी स्वस्त केली.

एचपीव्हीच्या बाबतीत हे चौघेही गायब आहेत. तक्रार नसलेल्या, घरात राबणाऱ्या चाळीस वर्षांच्या बाईला ही चाचणी लिहून देणे हे नेमके कोणाचे काम, ते ठरलेले नाही. विमा किंवा आयुष्मान भारतसारखी योजना रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च उचलते. म्हणजे कर्करोग झाल्यावर पैसे आहेत, तो होऊ नये म्हणून करायच्या चाचणीला नाहीत. चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढे कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) हवी, ती करणारी स्त्रीरोगतज्ज्ञ हवी, लागल्यास लगेच उपचार हवा. बार्शीच्या अभ्यासात ही सोय प्रकल्पाने स्वतः उभी केली होती. एरवी तुळजापूर-सोलापूर बाजूच्या बाईने दोन दिवसांची मजुरी बुडवून, सोबतीला कोणाला घेऊन, एसटीने स्वारगेटला उतरायचे आणि पुण्यातले मोठे रुग्णालय शोधायचे. यात चाचणीची किंमत हा सर्वांत लहान खर्च असतो. आणि चौथी गोष्ट अशी की ही चाचणी जितकी चांगली तितका धंदा कमी: निगेटिव्ह आलेल्या स्त्रीला पाच ते दहा वर्षे पुन्हा तपासायची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१चे मार्गदर्शन सांगते. वैद्यकाच्या दृष्टीने जो गुण, तोच विक्रीच्या दृष्टीने दोष. उद्योजक आणि त्यांचे भांडवलदार अशा वेळी डॉक्टर जुनाट आहेत, लोकांत जागृती नाही, अशी तक्रार करतात. मला ती पटत नाही. पुढचा उपचार हाताशी नसताना चाचणी लिहून न देणारा डॉक्टर जुनाट नसतो, शहाणा असतो.

यावर पहिला आक्षेप करोनाचा येतो. लोणावळ्याजवळ कारखाना असलेल्या पुण्याच्या मायलॅबला मार्च २०२०मध्ये आरटीपीसीआर किटची परवानगी मिळाली, भारतीय कंपन्यांत सर्वांत आधी. प्रति चाचणी सुमारे १,२०० रुपये हा तिचा भाव होता; सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा तेव्हा ४,५०० रुपये होती. मे २०२१मध्ये घरी करायचे किट आले, ते २५० रुपयांत. भारतीय आरोग्यव्यवस्था नवी चाचणी काही आठवड्यांत आपलीशी करू शकते हे मग सिद्धच झाले ना? झाले, पण चाचणीमुळे नव्हे. त्या दोन वर्षांत चाचणी करायला लावणारे सरकार होते, पैसे देणारेही बऱ्याच प्रमाणात तेच, विमानात बसायला आणि कामावर परतायला अहवाल सक्तीचा होता आणि पॉझिटिव्ह निघालेल्याचे पुढे काय करायचे हे महापालिकेने ठरवून दिले होते. चौघेही रातोरात आदेशाने हजर झाले. आदेश उठला, मागणी उठली. करोनाच्या काळातला विक्रीचा आलेख पुढे ओढून ज्यांनी निदान कंपन्यांचे मूल्य ठरवले, त्यांनी साथीला बाजारपेठ समजण्याची गल्लत केली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो गोव्याहून येतो. बंगळूरची बिगटेक आणि गोव्याचा ट्युलिप समूह यांच्या भागीदारीतून मॉलबायो उभी राहिली. तिचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र वातानुकूलित खोली आणि अखंड वीज मागत नाही, म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते. अमेरिकेच्या सेफेइडचे जीनएक्स्पर्ट तिथे अडखळते. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगासाठी ट्रूनॅटला मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२२मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने तिच्यात साडेआठ कोटी डॉलर घातले, कंपनीचे मूल्य दीड अब्ज डॉलरच्या घरात धरून. संथ स्वीकारावर मात करता येते याचे हे उदाहरण आहेच. पण त्याची तारीख नीट वाचा. बिगटेकचे काम २००० साली सुरू झाले; जागतिक मान्यतेला वीस वर्षे लागली. आणि ही वीस वर्षे अशा आजारात लागली, जिथे बाकी सगळे तयार होते. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२पासून चालू आहे, औषध फुकट आहे, रुग्णाची नोंद करणे २०१२पासून बंधनकारक आहे, रुग्णाला पोषणासाठी खात्यात पैसे मिळतात, आशाताई दारापर्यंत जाते. मॉलबायोला फक्त सूक्ष्मदर्शकाची जागा घ्यायची होती. तेवढ्यालाही एक पिढी गेली. शिवाय सुरुवातीच्या काळातला बराचसा धोका सरकारी संशोधन निधीने आणि ट्युलिपसारख्या धंद्यातल्याच जोडीदाराने पेलला. टेमासेक आली ती उत्तर समोर आल्यावर.

मग पैसे देणारा आधीच निश्चित झाला तर? अमेरिकेत तसे घडलेले आहे. एक्झॅक्ट सायन्सेस या कंपनीच्या कोलोगार्ड या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीला ११ ऑगस्ट २०१४ रोजी औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली आणि त्याच दिवशी मेडिकेअर या तिथल्या सरकारी विमा योजनेने तिचे पैसे देण्याचा प्रस्ताव जाहीर केला. इतका सुरळीत प्रवास क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. तरीही २०२४पर्यंत कंपनीने एकाही वर्षी निव्वळ नफा दाखवला नाही. डॉक्टरांना सांगत राहण्यात आणि रुग्णांना घरी घेतलेल्या शौचाच्या नमुन्याचा डबा परत पाठवायची आठवण करण्यात पैसा जात राहिला. नोव्हेंबर २०२५मध्ये ॲबटने ती शेअरमागे १०५ डॉलर देऊन घेण्याचे जाहीर केले. २०१४मध्ये शिरलेल्याचे भले झाले. २०२१च्या सुरुवातीला दीडशे डॉलरच्या वर घेतलेल्याला मुद्दलही परत मिळाले नाही. कंपनी तीच, चाचणी तीच. आपल्याकडे पैसे देणारा म्हणजे सरकार, आणि त्याचा नमुना पाहायचा तर चिंचवडची कृष्णा डायग्नोस्टिक्स आहे. सरकारी रुग्णालयांतली एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि रक्त तपासणी ती करारावर चालवते. ऑगस्ट २०२१मध्ये ९५४ रुपयांना शेअर विक्रीला आला. पुढच्या दोन वर्षांत तो त्या किमतीच्या बराच खाली जाऊन आला. रुग्णांची रांग सरकार देते, दर मात्र कमी असतो आणि देयके सरकारी वेगाने सुटतात. अशा ताळेबंदात विक्रीच्या आकड्यापेक्षा येण्यांचा आकडा जास्त बोलका असतो.

म्हणून हिशेब असा. गुंतवणूकदाराला वर्षाला १५ टक्के हवे असतील तर स्वीकार पाच वर्षांनी लांबल्यास शेवटी मिळणारी किंमत मूळ अंदाजाच्या दुप्पट असावी लागते. दहा वर्षांनी लांबल्यास चौपट. चाचणी अपयशी ठरायची गरजच नाही, नुसता उशीर पुरतो. एचपीव्हीची लस आल्याने या चाचणीचा बाजार संपेल ही भीती मात्र मला लागू वाटत नाही. सीरमची स्वदेशी लस २०२३च्या जानेवारीत आली, आज ती घेणारी मुलगी तपासणीच्या वयाला यायला पंधरा-वीस वर्षे आहेत आणि तोवरच्या बहुतेक स्त्रिया लस न घेतलेल्याच असणार. २०२२च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात. गरज खरी आहे. स्वतः नमुना घेण्याच्या किटमुळे संकोचाचा अडथळाही कमी होईल. त्याने पॉझिटिव्ह निघालेल्यांचे पुढचे प्रश्न सुटत नाहीत, इतकेच.

एप्रिल २०२५मध्ये मॉलबायो आणि मायलॅब या दोन कंपन्यांच्या स्वदेशी एचपीव्ही चाचण्यांची पडताळणी दिल्लीचे एम्स, नोएडाची कर्करोग संशोधन संस्था आणि मुंबईची प्रजनन आरोग्य संस्था यांनी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. आता यंत्र आपले, किट आपले. या बातमीवर भाव वाढवून मागितला गेला तर मी देणार नाही. अचूकता २००९मध्येही कमी नव्हती. राज्याच्या अर्थसंकल्पात या चाचणीच्या खरेदीची वेगळी तरतूद, जिल्हा रुग्णालयांत कोल्पोस्कोपीची आठवड्यातून ठरलेली ओपीडी, बसवलेल्या प्रत्येक यंत्रावर दिवसाला होणाऱ्या चाचण्यांचा वाढता आकडा, यांतल्या दोन गोष्टी दिसल्या की मी विचार बदलेन. तोवर असल्या कंपनीचे माहितीपत्रक तुमच्या हाती आले, तर येणी किती दिवसांची आहेत ते पान आधी काढा.